‘रेस पूब्लिका’ म्हणजे नेमके काय? एका लॅटिन शब्दाचा अर्थ आणि उगम

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही पाच-सहा मित्रमैत्रिणी दर रविवारी सकाळी एकत्र बसून लॅटिन मजकूर मुळातून वाचतो. सध्या रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोचा राज्यव्यवस्थेवरचा संवाद वाचायला घेतला आहे आणि त्यातल्या एका सहा शब्दांच्या वाक्यापाशी आमचे भाषांतर अडले आहे. ‘एस्त इगितुर रेस पूब्लिका रेस पोपुली.’ संवादातला मुख्य वक्ता, म्हणजे कार्थेज जिंकणारा धाकटा स्किपिओ आफ्रिकानुस, हे वाक्य व्याख्या म्हणून उच्चारतो. ‘रिपब्लिक’ हा शब्द याच ‘रेस पूब्लिका’तून आला, म्हणून आम्ही सरळ ‘प्रजासत्ताक’ लिहून मोकळे झालो. मग वाक्य झाले, ‘तर प्रजासत्ताक म्हणजे प्रजेची सत्ता’. ही व्याख्या झालीच नाही. जो शब्द समजावून सांगायचा तोच फोडून पुन्हा सांगितल्यासारखे झाले. शिवाय मूळ वाक्यात सत्ता कुठेच नाही, हे त्याहून महत्त्वाचे.

‘रेस’ हा लॅटिनमधला अत्यंत साधा आणि म्हणूनच अत्यंत अवघड शब्द आहे. वस्तू, मालमत्ता, बाब, कामकाज, परिस्थिती, खटला, असे त्याचे अर्थ संदर्भाप्रमाणे बदलतात. घरची मालमत्ता ती ‘रेस फामिलिआरिस’, शेतीचे काम ती ‘रेस रुस्तिका’, लष्करी कामकाज ती ‘रेस मिलितारिस’. ‘रेस पूब्लिका’ ही याच बहिणींपैकी एक, आणि तिची सख्खी विरुद्धार्थी जोडी म्हणजे ‘रेस प्रिवाता’, एकट्याची, खाजगी मालमत्ता किंवा खाजगी बाब. या जोडीत राजा नाही, निवडणूक नाही, संविधानही नाही. प्रश्न एवढाच विचारला आहे की ही वस्तू कोणाची.

हे केवळ व्याकरण नव्हे. रोमने इटलीत जिंकलेल्या जमिनींपैकी जी कोणाच्या नावावर न करता राखून ठेवली तिला ‘आगेर पूब्लिकुस’ म्हणत, म्हणजे सार्वजनिक जमीन. ती श्रीमंतांनी हळूहळू दाबून टाकली होती. इ.स.पू. १३३ मध्ये जनतेचा निवडलेला प्रतिनिधी तिबेरिउस ग्राकुसने, एका माणसाकडे अशी जमीन ५०० युगेरांपेक्षा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३१० एकरांपेक्षा जास्त नको, हा जुना दंडक पुन्हा लागू करून उरलेली जमीन गरिबांना वाटण्याचा कायदा केला. त्याच वर्षी सिनेटर मंडळींच्या जमावाने त्याला ठार मारले. त्या जमावाचा पुढारी स्किपिओ नासिका याने ‘ज्यांना रेस पूब्लिका सुखरूप राहायला हवी त्यांनी माझ्यामागे या’ अशी हाक दिल्याचे रोमन लेखक सांगतात. लोकांची जमीन लोकांना परत मागणारा आणि त्याला मारणारे, दोघांच्या तोंडी एकच शब्द होता. सिसेरोने आपला संवाद मुद्दाम इ.स.पू. १२९ या वर्षात घडवला आहे, ग्राकुसच्या खुनानंतर अवघ्या चार वर्षांनी, आणि त्यातले एक पात्र सुरुवातीलाच खंत व्यक्त करते की एका रेस पूब्लिकेत आता दोन सिनेट आणि जवळजवळ दोन लोकसमूह झाले आहेत. ज्यांना ‘लोक’ म्हणायचे तेच दुभंगले असतील तर ‘लोकांची’ या षष्ठीला अर्थ काय उरतो, हा प्रश्न तिथून पुढे संवादभर घुमत राहतो.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. सिसेरोच्या लेखी ‘रेस पूब्लिका’ हे एखाद्या राज्यपद्धतीचे नाव नाही. ही बाब एकाच्या हाती सोपवली तर राजेशाही, थोड्यांच्या हाती तर श्रेष्ठांचे राज्य, सर्वांच्या हाती तर लोकांचे राज्य, असे तो सांगतो; या तिन्ही प्रकारांत ती रेस पूब्लिका असू शकते आणि तिन्हींत ती नष्टही होऊ शकते. याचा दाखला म्हणून तो सिराक्यूस हे सिसिलीतले शहर पुढे करतो. ग्रीक शहरांत ते सर्वांत देखणे, किल्ला अप्रतिम, बंदरे थेट गावाच्या काळजापर्यंत शिरलेली, रस्ते रुंद, देवळे, स्तंभांच्या ओवऱ्या, सगळे काही होते. तरीही जुलमी दिओनिसिओसच्या अमलात ती रेस पूब्लिका नव्हती, कारण तिथे लोकांचे असे काही नव्हतेच, लोकच एका माणसाच्या मालकीचे होते. जमावाने निरंकुश सत्ता हाती घेतली तर तीही जुलूमशाहीच, असेही तो त्याच ओघात म्हणतो.

संवादाच्या पाचव्या भागाचा जो तुकडा आज शिल्लक आहे, त्यात सिसेरोने रेस पूब्लिकेला चित्राची उपमा दिली आहे. पूर्वजांकडून आपल्याला एक उत्तम चित्र मिळाले, पण ते जुनेपणाने विटत चालले होते. आपण त्याचे मूळ रंग उजळले नाहीत ते नाहीतच, निदान बाह्यरेषा तरी जपाव्यात याचीही काळजी घेतली नाही. आणि लगेच तो म्हणतो की रेस पूब्लिका आपण ‘वेर्बो’, म्हणजे शब्दाने, धरून ठेवली आहे, पण ‘रे इप्सा’, म्हणजे प्रत्यक्ष वस्तूने, कधीच गमावली आहे. ‘रे’ हे ‘रेस’चेच रूप. शब्द उरला आणि शब्दातली ‘रेस’ गेली, हे त्याने त्याच शब्दाच्या आधाराने सांगितले आहे. हे वाक्य आम्ही त्या दिवशी तीन वेळा मोठ्याने वाचले आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

या ‘रेस’ला मराठीत काय म्हणावे? आणि हा शब्द मुळात आला कुठून? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिलालेखवाचक

उत्तम धागा. ‘पूब्लिका’ या भागाविषयी लिहितो, कारण त्याचे जुने रूप प्रत्यक्ष धातूवर कोरलेले आपल्याला मिळते.

इ.स.पू. १८६ मध्ये रोमन सिनेटने बाखुस देवाच्या गुप्त पूजामेळ्यांवर निर्बंध घातले. त्या ठरावाची कांस्य धातूची पाटी दक्षिण इटलीत तिरिओलो या गावी १६४० मध्ये सापडली आणि आज ती व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर, हे विधी ‘पोप्लिकोद’ही करू नयेत आणि ‘प्रेइवातोद’ही करू नयेत, म्हणजे चारचौघांत नको आणि खाजगीतही नको, असे शब्द आहेत. नंतरच्या लॅटिनमध्ये यांचेच ‘पूब्लिको’ आणि ‘प्रिवातो’ झाले. ‘पोप्लिकोद’ या रूपात ‘पोपुलुस’ म्हणजे लोक हा शब्द स्पष्ट ऐकू येतो. पुढे ‘पूबेस’, म्हणजे वयात आलेले पुरुष, या शब्दाच्या ओढीने उच्चार बदलून ‘पूब्लिकुस’ झाला. शेवटी लटकलेला ‘द’ हा पंचमीचा जुना प्रत्यय असून आपल्या ‘देवात्’, ‘ग्रामात्’ मधल्या ‘त्’ चा तो सख्खा भाऊ आहे.

‘पोपुलुस’ या शब्दाच्या पोटातही एक जुना अर्थ दडलेला आहे. संकटकाळी नेमल्या जाणाऱ्या हुकूमशहाचे, म्हणजे दिक्तातोरचे, प्राचीन पदनाम ‘मागिस्तेर पोपुली’ असे होते आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी ‘मागिस्तेर एक्वितुम’, म्हणजे घोडदळाचा प्रमुख. या जोडीवरून ‘पोपुलुस’ म्हणजे मुळात शस्त्र धरून पायी लढणारे पुरुष असावेत असा तर्क अभ्यासक करतात. ‘पूबेस’ची ओढ लागली तीही कदाचित याच कारणाने. तेव्हा ‘लोकांची बाब’ म्हणताना हे लोक कोण, हे विसरू नये. रोममध्ये स्त्रियांना मत नव्हते आणि गुलाम तर स्वतःच कायद्याने कोणाची तरी ‘रेस’ होते.

आणखी एक सांगतो. अंकारा शहरात हाजी बायराम मशिदीला लागून ऑगस्टसचे पडके देऊळ उभे आहे. सम्राटाने स्वतः लिहिलेले आपल्या कारकिर्दीचे निवेदन त्याच्या भिंतींवर कोरलेले आहे. लॅटिन मजकूर पुढच्या मंडपाच्या आतल्या भिंतींवर, ग्रीक भाषांतर गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर. मी तिथे गेलो तेव्हा दगडाची झीज इतकी होती की ओळी वाचण्यासाठी बाजूने ऊन पडण्याची वाट पाहावी लागली. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की एकोणीस वर्षांचा असताना मी खाजगी निर्णयाने आणि खाजगी खर्चाने सैन्य उभारले आणि त्याच्या बळावर एका गटाच्या जुलमाखाली दबलेली रेस पूब्लिका मुक्त केली. ‘प्रिवातो’, ‘प्रिवाता’ आणि लगेच ‘रेम पूब्लिकाम’! उंबरठा यांनी सांगितलेली खाजगी आणि सार्वजनिक ही जोडी इथे एकाच वाक्यात समोरासमोर उभी आहे आणि खाजगी वस्तूने सार्वजनिक वस्तू ताब्यात घेतल्याची कबुली अभिमानाने दिलेली आहे.

ग्रीक भाषांतरकाराची तारांबळही त्या भिंतीवर दिसते. सुरुवातीला त्याने ‘रेम पूब्लिकाम’साठी ‘ता कोइना प्राग्माता’, म्हणजे सामाईक कामे, असे लिहिले. थोडे पुढे ऑगस्टस म्हणतो की रेस पूब्लिकेला काही इजा होऊ नये याची काळजी घेण्याची आज्ञा सिनेटने मला दिली. तिथे त्याच शब्दासाठी भाषांतरकाराने ‘देमोसिआ प्राग्माता’, म्हणजे सार्वजनिक कामे, असे लिहिले. एका मजकुरात एकाच शब्दाला दोन शब्द वापरावे लागले, तेव्हा तुमच्या मंडळींनी अडखळण्यात काही वावगे नाही.

वाक्यवेध

व्युत्पत्तीबद्दल थोडे. ‘रेस’ आणि वेदातला ‘रयि’ हे एकाच मुळातले शब्द आहेत. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘अग्निना रयिमश्नवत् पोषमेव दिवेदिवे’ असे आहे. अग्नीच्या योगे माणसाला रयि मिळावा, दिवसेंदिवस वाढणारी समृद्धी मिळावी. म्हणजे मूळ अर्थ धन, संपत्ती असा. लॅटिनमध्ये तो धनाकडून वस्तूकडे, वस्तूकडून बाबीकडे आणि बाबीकडून खटल्याकडे सरकत गेला. ‘रेउस’, म्हणजे खटल्यातला पक्षकार आणि पुढे आरोपी, हा शब्दही ‘रेस’पासूनच झाला.

आता गंमत अशी की संस्कृतात नेमका हाच प्रवास ‘रयि’ने केला नाही, तो ‘अर्थ’ या शब्दाने केला. अर्थ म्हणजे धन, अर्थ म्हणजे वस्तू, अर्थ म्हणजे प्रयोजन, आणि न्यायालयात ‘अर्थी’ म्हणजे फिर्यादी व ‘प्रत्यर्थी’ म्हणजे प्रतिवादी. दोन भाषांतले दोन निराळे शब्द जवळजवळ त्याच थांब्यांवरून गेले. कौटिल्याने आपल्या शास्त्राची व्याख्या करताना ‘मनुष्याणां वृत्तिरर्थः, मनुष्यवती भूमिरित्यर्थः’ असे म्हटले आहे. माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसांनी वसलेली भूमी म्हणजे अर्थ. राज्यशास्त्राला ‘अर्थशास्त्र’ म्हणणारी भाषा आणि राज्याला ‘रेस’ म्हणणारी भाषा एकमेकींना ओळखू शकतात. फरक विशेषणाचा आहे. कौटिल्याच्या ‘अर्था’चे रक्षण राजा करतो, रोमनांनी त्याला ‘पूब्लिका’ हे विशेषण जोडले.

‘प्रजासत्ताक’ आणि ‘गणराज्य’ हे आपले दोन्ही शब्द या दृष्टीने तपासून पाहावेत. आपण २६ जानेवारीला ‘प्रजासत्ताक दिन’ म्हणतो आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘लोकशाही गणराज्य’ वाचतो. ‘प्रजा’ म्हणजे मुळात संतती, आणि म्हणून राजाची रयत. ‘राज्य’ म्हणजे राजाचे कर्म किंवा राजाचे क्षेत्र. दोन्ही शब्दांत राजाची सावली राहिली आहे. ‘गण’ मात्र खरोखर जुना शब्द आहे. वैशालीचे लिच्छवी गणच होते, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी भारतात एके काळी ठिकठिकाणी गणराज्ये होती याची आठवण करून दिली होती. परंतु ‘गण’ हे माणसांच्या समूहाचे नाव आहे, ‘रेस पूब्लिका’ हे त्या समूहाच्या हाती असलेल्या वस्तूचे. म्हणून सिसेरोपुरते बोलायचे तर दोन्ही शब्द बाजूला ठेवावेत असे माझे मत आहे.

सायंतारा

चर्चा वाचून आनंद झाला, तरी एका मुद्द्यावर नम्रपणे असहमती नोंदवते. ‘रेस पूब्लिका’ म्हणजे राजाविना राज्य असा अर्थ नव्हताच, हे विधान जरा जास्त होते आहे.

रोमन इतिहासकार टॅकिटस पाहा. ऑगस्टसच्या अखेरच्या काळाविषयी लिहिताना तो म्हणतो की तरुण मंडळी आक्तिउमच्या विजयानंतर जन्मलेली, म्हातारेही बहुतेक यादवी युद्धांच्या काळात जन्मलेले, मग रेस पूब्लिका डोळ्यांनी पाहिलेला असा कितीसा माणूस शिल्लक होता? आक्तिउमची लढाई इ.स.पू. ३१ ची, तिच्यानंतर ऑगस्टस एकटा सत्ताधीश उरला. इथे ‘रेस पूब्लिका’ म्हणजे ‘सार्वजनिक बाब’ असे म्हटले तर वाक्याचा जीवच जातो. सरकार होते, सिनेट बसत होती, कर गोळा होत होते, तरीही टॅकिटसच्या मते पाहण्यासारखी रेस पूब्लिका उरली नव्हती. म्हणजे एका विशिष्ट व्यवस्थेचा अर्थ या शब्दाला तोवर चिकटला होता. त्याच्याही आधी, शब्दाला देह नाही आणि रूप नाही, नुसते नाव आहे, असे रेस पूब्लिकेविषयी ज्युलियस सीझर बोलल्याचे चरित्रकार सुएतोनिउस सांगतो. देह नसलेल्या नावाची चीड सीझरला का यावी? कारण ते नाव त्याच्या एकछत्री सत्तेच्या आड येत होते.

म्हणून ‘प्रजासत्ताक’ हा शब्द अगदीच चुकीचा आहे असे मला वाटत नाही. तो नंतरच्या अर्थाचा आहे, एवढेच.

उंबरठा

सायंतारा, आपला आक्षेप मोलाचा आहे आणि टॅकिटसच्या वाक्यापुरता मी तो मान्य करतो. मात्र त्याच टॅकिटसला राजे हाकलल्यानंतर आलेल्या व्यवस्थेला नाव द्यायचे असते तेव्हा तो काय लिहितो, हेही पाहावे. ग्रंथाच्या अगदी आरंभी तो म्हणतो की रोम शहर सुरुवातीपासून राजांच्या ताब्यात होते, ‘लिबेर्तास’ आणि कौन्सलपद, म्हणजे निवडून दिलेले सर्वोच्च पद, राजांना हाकलणाऱ्या ब्रूतुसने स्थापन केले. परंपरेने हे वर्ष इ.स.पू. ५०९ मानतात. राजा नसण्याचे नाव ‘लिबेर्तास’ आहे, स्वातंत्र्य. रेस पूब्लिका ही त्या स्वातंत्र्यात जिवंत राहणारी गोष्ट. ती मेली असे टॅकिटस म्हणतो तेव्हा, लोकांची वस्तू आता लोकांची राहिली नाही, असेच तो म्हणत असावा असे मला वाटते, आणि तसे असेल तर सिराक्यूसविषयी सिसेरोने जे म्हटले तेच इथे रोमविषयी म्हटले गेले आहे.

शब्दाचा देह गेल्यावरही त्याचा उपयोग किती निष्ठुरपणे झाला याचे एक उदाहरण मला फार अस्वस्थ करते. इ.स.पू. ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेवियन (म्हणजे पुढचा ऑगस्टस) आणि लेपिदुस या तिघांनी सत्ता वाटून घेतली. कायद्याने मिळालेले त्यांचे पदनाम होते, ‘रेस पूब्लिकेची घडी बसवण्यासाठी नेमलेले तिघे’. त्यांनी ज्यांना ठार मारायचे त्यांच्या नावांच्या याद्या जाहीर केल्या, आणि ७ डिसेंबरला सिसेरोचे मुंडके व हात कापले गेले. आयुष्यभर ज्याने या शब्दाचा अर्थ लावला, त्याला मारण्याचा अधिकार त्याच शब्दाच्या नावाने दिलेला होता.

निंबोणी

एक शंका. प्रांतांतल्या शिलालेखांत लहान लहान शहरेही स्वतःला ‘रेस पूब्लिका’ म्हणवून घेतात असे वाचले आहे. मग प्रत्येक गाव स्वतंत्र राज्य होते का?

शिलालेखवाचक

नाही. उत्तर आफ्रिकेत आणि स्पेनमध्ये असे लेख पुष्कळ आहेत. तिथे ‘अमुक गावाची रेस पूब्लिका’ म्हणजे त्या गावाची सामाईक तिजोरी, जमीन, इमारती आणि कारभार, आपल्याकडच्या नगरपालिकेसारखे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी कायदेपंडित उल्पियानुसने यावर हरकत घेतली होती. गावांच्या मालमत्तेला ‘पूब्लिका’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे, रोमन जनतेची मालमत्ता तेवढीच ‘पूब्लिका’, असे त्याने बजावले. गावकऱ्यांनी त्याचे ऐकले नाही. परंतु या वापरावरून धागाकर्त्यांचा मुद्दा पक्का होतो. सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द अखेरपर्यंत मालकीचाच राहिला.

मांडवीकाठ

उल्पियानुसचा उल्लेख निघालाच आहे तर त्याचेच आणखी एक वाक्य सांगतो, कारण ‘स्टेट’ हा दुसरा शब्द त्याच परिसरातून आला आहे. सार्वजनिक कायदा म्हणजे जो ‘स्तातुम रेइ रोमानाए’, म्हणजे रोमन बाबीच्या स्थितीशी संबंधित आहे तो, अशी त्याची व्याख्या आहे. ‘स्तातुस’ म्हणजे उभे असणे, स्थिती; आपल्या ‘स्था’ धातूचाच नातेवाईक. सुरुवातीला स्थिती ही नेहमी कशाची तरी असे, रेस पूब्लिकेची किंवा नागरसमूहाची. मध्ययुगाच्या अखेरीस इटलीत ‘स्तातो’ म्हणजे राजपुत्राची स्थिती, त्याचे स्थान, त्याची पकड असा अर्थ रूढ झाला. १५१३ मध्ये मॅकियाव्हेलीने ‘प्रिन्स’चे पहिले वाक्य लिहिले की माणसांवर अधिकार गाजवणारे सगळे ‘स्तातो’ एकतर ‘रेपुब्लिके’ असतात नाहीतर राजपुत्रांची राज्ये. हे वाक्य माझ्या मते कलाटणीचे आहे. उल्पियानुसकडे ‘रेस’ ही मुख्य वस्तू होती आणि ‘स्तातुस’ तिची अवस्था. मॅकियाव्हेलीकडे ‘स्तातो’ ही मुख्य वस्तू झाली आणि ‘रेपुब्लिका’ तिचा एक पोटप्रकार. इथून पुढे रिपब्लिक म्हणजे राजा नसलेले राज्य हा अर्थ पक्का होत गेला, जरी फ्रान्समध्ये राजकीय विचारवंत बोदँ १५७६ पर्यंत राजाच्या राज्यालाही ‘रेपुब्लिक’ म्हणत होता.

आम्हा गोवेकरांना या दोन्ही शब्दांचा अनुभव आहे. पोर्तुगीज अमलातल्या आमच्या भूमीचे अधिकृत नाव ‘एस्तादो दा इंदिया’ असे होते, आणि ‘एस्तादो’ म्हणजे तोच ‘स्तातुस’. १९१० साली ५ ऑक्टोबरला लिस्बनमध्ये राजेशाही जाऊन ‘रेपुब्लिका’ जाहीर झाली, आणि तिच्या काळात गोव्यातल्या हिंदूंना शिक्षणाची व सरकारी नोकरीची बंद दारे उघडली. ‘सर्वांची बाब’ या शब्दात आपणही मोडतो हे त्या पिढीला प्रथमच जाणवले. पुढे सालाझारने १९३३ मध्ये आपल्या हुकूमशाहीला ‘एस्तादो नोव्हो’, नवे राज्य, असे नाव दिले. कागदोपत्री देश ‘रेपुब्लिका’च राहिला. सिसेरोचे ‘शब्दाने राखली, वस्तूने गमावली’ हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला आधी रोम आठवले नाही, आजोबांच्या कपाटातली ‘रेपुब्लिका’ असे छापलेली पोर्तुगीज टपाल तिकिटे आठवली.

करवीरकर

राजा असूनही रिपब्लिक, याचे आणखी एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत होती, त्यामुळे लहानपणापासून त्या देशाबद्दल कुतूहल होते. पोलंड स्वतःला ‘झेचपोस्पोलिता’ म्हणवतो. ‘झेच’ म्हणजे वस्तू, बाब. ‘पोस्पोलिता’ म्हणजे सामाईक. ‘रेस पूब्लिका’चे अक्षरशः भाषांतर! १५६९ मध्ये लिथुआनियाशी जोडून जे मोठे राज्य झाले त्याचेही हेच नाव होते, आणि त्याला राजा होता, मात्र सरदारांनी निवडून दिलेला. इंग्रजी ‘कॉमनवेल्थ’चीही घडण अशीच, राजाचा शिरच्छेद केल्यावर १६४९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने देशाला ‘कॉमनवेल्थ अँड फ्री स्टेट’ म्हणून जाहीर केले.

मराठीपुरते सुचवायचे तर आपल्या जुन्या कागदपत्रांतला ‘दौलत’ हा शब्द ‘रेस’च्या सर्वांत जवळचा आहे. शिंद्यांची दौलत, होळकरांची दौलत असे म्हणताना धन आणि राज्य हे दोन्ही अर्थ एका दमात येतात. अडचण एवढीच की दौलतीला नेहमी धन्याचे नाव लागते. ‘लोकांची दौलत’ असे म्हटले तर कानाला निराळे वाटते, पण स्किपिओच्या त्या वाक्यात नेमके हेच निराळेपण हवे आहे.

वाक्यवेध

‘दौलत’ छान आहे, परंतु त्यात ‘बाब’ आणि ‘कामकाज’ हे अर्थ येत नाहीत, आणि आजच्या वाचकाला फक्त पैसाच दिसेल. ‘सार्वजनिक’ हे विशेषण मात्र बिनधास्त घ्यावे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हापासून ते मराठीत ‘पूब्लिकुस’चे काम चोख करत आहे, सार्वजनिक बांधकाम, सार्वजनिक विहीर, सार्वजनिक गणपती. प्रत्येक ठिकाणी ‘हे कोणा एकाचे नाही’ असाच अर्थ आहे. ‘रेस’साठी ‘मत्ता’ कसा वाटतो? हिशेबाच्या वह्यांत आपण ‘मत्ता व दायित्वे’ लिहितोच. ‘लोकसत्ता’ आणि ‘लोकमत्ता’ यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि आपल्या या चर्चेचा सगळा मुद्दा त्या एका अक्षरात आहे.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रविवारी हा सगळा धागा आम्ही मोठ्याने वाचला आणि भाषांतराचा मसुदा पुढीलप्रमाणे ठरवला.

‘तर मग, आफ्रिकानुस म्हणाला, सार्वजनिक बाब म्हणजे लोकांची मत्ता होय, आणि लोक म्हणजे कसाही गोळा झालेला माणसांचा घोळका नव्हे, तर न्यायाविषयीच्या एकमताने आणि हिताच्या भागीदारीने एकमेकांशी बांधला गेलेला मोठा समुदाय.’

एकाच ‘रेस’ला दोन शब्द वापरल्याचे आम्हाला खटकते आहे, पण अंकाऱ्याच्या भिंतीवरच्या त्या ग्रीक भाषांतरकाराने धीर दिला.

‘न्यायाविषयीच्या एकमताने’ याचे मूळ लॅटिन ‘युरिस कोन्सेन्सू’. यातल्या ‘युस’ला मात्र ‘कायदा’ म्हणावे की ‘न्याय’, यावर आमच्यात दीड तास वाद झाला. या संवादाचा बहुतेक भाग मध्ययुगात हरवला होता. १८१९ मध्ये आंजेलो माई यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात एका चर्मपत्राच्या हस्तलिखितात पुसट झालेला मजकूर दिसला, तो ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनच्या स्तोत्रभाष्याखालचा खरवडलेला सिसेरो होता. पण आजही त्यातली बरीच पाने नाहीत. ऑगस्टीनच्या हाती मात्र हा ग्रंथ आपल्यापेक्षा खूपच अधिक भरलेला होता, आणि त्याने ‘युस’चा अर्थ न्याय असाच घेतला. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा की जिथे खरा न्याय नाही तिथे ‘लोक’ नाहीत, जिथे लोक नाहीत तिथे लोकांची वस्तू नाही, म्हणून रोम ही रेस पूब्लिका कधीच नव्हती. मग तो स्वतःची निराळी व्याख्या देतो. लोक म्हणजे आपल्या प्रिय गोष्टींविषयी एकमत असलेल्या विचारी माणसांचा समुदाय. ते लोक कसे आहेत हे पाहायचे असेल तर त्यांना काय प्रिय आहे ते पाहावे. या व्याख्येने रोम पुन्हा रेस पूब्लिका ठरते, मग तिला जे प्रिय होते ते कसेही असो.

‘कायदा’ लिहिला तर ऑगस्टीनचा हा सगळा युक्तिवाद मराठीत उभाच राहत नाही, म्हणून आम्ही ‘न्याय’ ठेवला आहे. दुसऱ्या बाजूचे काही म्हणणे असेल तर पुढच्या रविवारच्या आत अवश्य लिहावे.